गॅस असूनही आई चुलीवरच भाकरी करते. धुराचा खरंच एवढा त्रास होतो का?

हो, होतो. धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात. आयुष्यात विडी न ओढलेल्या बायकांनाही त्यातून सीओपीडी, म्हणजे कायमची धाप, जडते.

आईला मात्र बोल लावू नका. आपल्या मराठवाड्यात कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या जळणाला रानातून फुकट येतात, सिलिंडर भरायला पैसे लागतात. माझी आजी पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या फुंकणीनं फुंकायची. पदर डोळ्यांना अन् एक हात परातीत. तिचा खोकला अजून कानात आहे.

निदान वरण-भात, चहा गॅसवर करा. भाकरीची चूल अंगणात मांडा, जळण वाळलेलंच घाला आणि लेकराला चुलीपुढं मांडीवर घेऊ देऊ नका. खोकला दोन आठवड्यांत हटत नसेल तर छातीच्या डॉक्टरला दाखवाच.