पिस्तुलाच्या गोळ्या ओतायला दोन कॅव्हिटींचा साचा घ्यावा की सहा कॅव्हिटींचा?

आपण टेक्सासमध्ये राहता, .३८ स्पेशल आणि ९ मिलिमीटर या दोन्ही काडतुसांसाठी घरीच शिशाच्या गोळ्या ओतू इच्छिता, शिसे वितळवायचे दहा पौंडांचे विजेचे भांडे आणून ठेवले आहे आणि पहिला साचा दोन कॅव्हिटींचा, म्हणजे गोळीच्या आकाराच्या दोन खळग्यांचा, घ्यावा की थेट सहा कॅव्हिटींचा, असे विचारले आहे. प्रश्नाच्या शेवटी आपण लिहिता, ‘सहाचा घेतला तर काम तिप्पट वेगाने होईल, हे बरोबर ना?’ त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे. हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यावरून आमच्यात जो वाद झाला तो आजही पुरता मिटलेला नाही.

बरोबर नाही. आपण स्वतः गणित मांडून पाहावे. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे आपल्या भांड्यात काठोकाठ भरले तरी ७०,००० ग्रेन. .३८ ची नेहमीची गोळी १५८ ग्रेनची. सहा कॅव्हिटींच्या साच्यातून मिनिटाला दोन ओत निघाले, तर मिनिटाला १,८९६ ग्रेन शिसे बाहेर पडते आणि सदतीस मिनिटांत भांड्याचा तळ दिसतो. दोन कॅव्हिटींच्या साच्यातून सवयीच्या हाताने मिनिटाला तीन ओत सहज निघतात. तेवढेच शिसे त्यात चौऱ्याहत्तर मिनिटे पुरते. म्हणजे वेग फार तर दुप्पट, आणि तोही भांडे रिकामे होईपर्यंतच. त्यानंतर शिशाच्या नव्या विटा टाकायच्या, त्या वितळायची वाट पाहायची, आणि तेवढ्या वेळात आपला साचा थंड झालेला असतो, त्यामुळे पुन्हा पहिले चार-पाच ओत सुरकुतलेले निघून भांड्यात परत जातात. सहा कॅव्हिटींचा साचा म्हणजे वीस पौंडांचे भांडे, हा माझा साधा हिशेब आहे. दहाच्या भांड्याला सहाचा साचा लावणे म्हणजे घागरीला पाच इंची पंप लावणे होय.

परंतु खरा मुद्दा वेगाचा नाहीच, आणि तो मला माझ्या वडिलांनी शिकवला.

आबांनी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत एकतीस वर्षे मोल्डिंगचे काम केले. मी पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यावर ते एकदाच, सहा महिन्यांसाठी, आमच्याकडे राहायला आले होते. बंदुकीशी त्यांचा कधीच संबंध आला नव्हता, आणि मी सुट्टीच्या दिवशी रेंजवर जातो हे त्यांना फारसे रुचतही नव्हते. मात्र गॅरेजमध्ये मी शिसे वितळवतो हे कळताच ते दुसऱ्या दिवशी सकाळी माकडटोपी घालून, प्लास्टिकचे स्टूल घेऊन, न बोलावता तेथे येऊन बसले. तेव्हा माझ्याकडे बिडाचा, चार कॅव्हिटींचा, जुन्या बाजारातून घेतलेला साचा होता. आबांनी तो हातात घेतला, दोन्ही अर्धे मिटवून दिव्यासमोर धरले, फटीतून उजेड दिसतो का ते पाहिले आणि काहीही न बोलता परत दिला. आमच्या घरात याला पसंती म्हणतात.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी साडू त्यांचा नवाकोरा ॲल्युमिनियमचा सहा कॅव्हिटींचा साचा घेऊन आले. त्यांनी तो धुऊन आणला होता, एवढे श्रेय मी त्यांना देतो. पण साचा तापवून घेण्याइतका धीर त्यांना नव्हता. पहिला ओत सुरकुत्यांनी भरलेला, दुसराही तसाच. तिसऱ्याला मधल्या दोन गोळ्या बऱ्या निघाल्या आणि कडेच्या चार तशाच राहिल्या. साडूंचे म्हणणे पडले की भांड्याची आच वाढवावी. आबा स्टुलावरूनच म्हणाले, ‘‘पाव्हणं, शिसं गरमच हाय. साचा गार हाय.’’ मग त्यांच्या सांगण्यावरून साच्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात धरून ठेवला, आणि शिसे त्याला चिकटेनासे झाले तेव्हा ओतायला घेतले. त्यानंतर सहाच्या सहा गोळ्या भरू लागल्या, साडू खुलले, आणि दहा मिनिटांत मुठीएवढा ढीग टॉवेलवर जमला.

तेव्हा आबांनी एका ओताच्या सहा गोळ्या, ज्या क्रमाने साच्यात होत्या त्याच क्रमाने, एका फळीवर उभ्या करायला सांगितल्या आणि माझ्याकडचा मायक्रोमीटर मागितला. सर्वांत लहान गोळी .३५७८ इंच भरली आणि सर्वांत मोठी .३५९२. वजनात दीड ग्रेनाहून थोडा अधिक फरक. पुढच्या ओतात तीच कॅव्हिटी पुन्हा लहान आणि तीच पुन्हा मोठी, म्हणजे चूक हाताची नव्हती. आबा एवढेच म्हणाले, ‘‘ह्यो एक साचा न्हाई. सहा साचं हाईत.’’

आपल्या प्रश्नाचे माझ्या दृष्टीने हेच उत्तर आहे. आपण सहा कॅव्हिटी घेता तेव्हा सहा निरनिराळे साचे एकाच मुठीत धरता, आणि त्या सहांना एकाच तापमानावर, एकाच प्रवाहाखाली, एकाच क्षणी भरायची जबाबदारी घेता. पहिली कॅव्हिटी भरून सहावीकडे पोहोचेपर्यंत पहिलीतले शिसे गोठू लागलेले असते. कडेच्या कॅव्हिटी मधल्यांपेक्षा लवकर थंड होतात. भांड्यातील पातळी उतरली की खालच्या तोटीतून येणारी धार मंदावते आणि शेवटच्या कॅव्हिटीच्या कडा गोलसर निघू लागतात. तोटीऐवजी डावाने, म्हणजे पळीने, ओतणाऱ्याने तर सहाच्या नादी लागूच नये, कारण एका ओताला स्प्रूसकट (म्हणजे गोळ्यांच्या वर उरणाऱ्या जादा शिशासकट) एक हजार ग्रेनांहून अधिक शिसे लागते आणि दुसऱ्यांदा डाव बुडवेपर्यंत पहिल्या गोळ्या गोठून जातात.

आता वादाचे कारण. काम रंगात आले असताना साडूंचा फोन वाजला. भरलेला साचा हातात धरून ते दोनेक मिनिटे बोलत राहिले. अशा साच्याला स्प्रू प्लेट, म्हणजे ते जादा शिसे कापणारी वरची पट्टी, फिरवण्यासाठी स्वतंत्र तिसरा दांडा असतो. वरच्या शिशाची चकाकी जाऊन ते नुकते मळकट दिसू लागते तो क्षण दांडा ओढण्याचा. त्याआधी ओढले तर गोळीचा तळ फाटतो आणि शिसे प्लेटखाली पसरते. फार उशीर केला तर सहाही मानांतले घट्ट झालेले शिसे एकदम कापावे लागते. फोन ठेवून त्यांनी दांडा ओढला, तो हलला नाही. आबा घाईने उठून म्हणाले, ‘‘पाव्हणं, जोर लावू नगा. वरनं गरम शिसं सोडा, परत मऊ हुंदे.’’ साडूंनी दोन्ही हातांनी जोर लावला. दांडा वाकला, प्लेट एका बाजूने उचलली गेली आणि ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर एक खोल ओरखडा उठला. त्यावर साडूंचे मत असे, आणि ते त्यांनी त्या वर्षीच्या दिवाळी संमेलनात निदान तीन टेबलांवर सांगितले, की मी दिलेले शिसे फार कडक होते म्हणून साचा मोडला.

त्या आरोपात किती तथ्य होते ते पुढे सांगतो. आधी धातूविषयी. ॲल्युमिनियम लवकर तापते, लवकर निवते, हलके असते आणि स्वस्त पडते. बीड सावकाश तापते, पण एकदा तापले की उष्णता धरून ठेवते आणि अडाण्याचे चार घाव सोसते. ली कंपनीचे दोन कॅव्हिटींचे ॲल्युमिनियमचे साचे दांड्यांसकट मिळतात, तर सहाच्या साच्यासाठी दांडे वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि पहिल्यांदा मागवणारे बहुतेक जण हे विसरतात. बिडाचे दोन व चार कॅव्हिटींचे साचे लायमन कंपनीचे प्रसिद्ध आहेत. स्लोव्हेनियातील एमपी या कंपनीचे पितळी साचे मी वापरलेले आहेत. ते सुंदर असतात, पण पहिला साचा म्हणून पितळेवर पैसे घालू नयेत. बिडाचा चारचा साचा तासभर धरल्यावर मनगट बोलू लागते, हेही खरे. तरी माझी आवड तीच आहे.

तेव्हा आपण .३८ पासून सुरुवात करावी, दोन कॅव्हिटींचा ॲल्युमिनियमचा साचा घ्यावा आणि त्यातून निदान हजार गोळ्या ओताव्यात. ती गोळी आपल्या रिव्हॉल्व्हरला मानवते की नाही, हे तेव्हाच कळेल. न मानवणाऱ्या आकाराच्या सहा कॅव्हिटी घरात असणे हे दोन असण्यापेक्षा तिप्पट वाईट. गोळी मानवली आणि आठवड्याला दीडशे-दोनशेच्या वर खप असेल, तर त्याच आकाराचा चारचा किंवा सहाचा साचा घ्यावा. तो आल्यावर प्रत्येक कॅव्हिटीच्या गोळ्या निरनिराळ्या मोजाव्यात, आणि एखादी हट्टाने लहान भरत असेल तर ती रिकामी सोडून पाचांवर काम चालवावे. त्यात कमीपणा काही नाही. सहाच्या आकड्याला भुललेली माणसे मला रेंजवर कमी आणि साच्यांच्या खरेदी-विक्रीत जास्त भेटतात.

९ मिलिमीटरबद्दल थोडक्यात: ते काम तूर्त पुढे ढकलावे. त्याचा दाब जास्त, नळीतले आटे घट्ट पिळाचे, आणि गोळी व्यासाला किंचित कमी पडली तरी नळीत शिसे बसते. .३५६ इंचावर साइझ केलेली, म्हणजे दाबून त्या व्यासाची केलेली, गोळी एका पिस्तुलात उत्तम चालते आणि दुसऱ्यात नळी माखून टाकते. .३८ चुका पोटात घालते, ९ घालत नाही.

मिश्रणाबद्दल आपण विचारलेले नाही, पण त्यावाचून साडूंचा विषय पुरा होत नाही. टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची जुनी वजने .३८ ला पुरेशी होतात, फक्त त्यांतली जस्ताची वेचून काढावीत. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे मिश्रण त्याच्या कितीतरी आधी पातळ होते. म्हणून वजने वितळवताना आच ३७० अंशांच्या आसपास ठेवली की चुकून राहिलेले जस्ताचे वजन वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. लिनोटाइप, म्हणजे जुन्या छापखान्यांतील ओळी ओतण्याचा धातू, त्यात १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असते. तो थोडा मिसळला की साचा छान भरतो, पण गोळी कडक होते आणि स्प्रू कापायला जड जातो. आणि आता कबूल करायला हरकत नाही: त्या शनिवारी माझ्या भांड्यात लिनोटाइप जरा सढळ हाताने पडले होते. तथापि मधल्या दोन मिनिटांचा फोन माझा नव्हता.

काही गोष्टी खरे तर आधी लिहायला हव्या होत्या. या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. धोका असतो तो वितळलेल्या शिशावरून काढलेल्या मळीच्या धुळीचा आणि हाताला लागलेल्या शिशाचा, म्हणून तेथे काही खाऊ-पिऊ नये, हात साबणाने धुवावेत, ते कपडे वेगळे ठेवावेत आणि घरात लहान मूल असेल तर गॅरेजला कुलूप असावे. मी दर वर्षी रक्तातील शिशाची तपासणी करून घेतो. भांड्यात पाण्याचा एक थेंबही जाता कामा नये, ओलसर वीटही नको. शिसे छतापर्यंत उडते, आणि पूर्ण तोंड झाकणारी ढाल याच एका कारणासाठी असते. स्वतःपुरते ओतावे, विक्रीचा धंदा करायचा तर अमेरिकेत संघराज्याचा परवाना लागतो. भारतातून कोणी हे वाचत असेल, तर तेथे १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे आणि परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे हे उत्तर त्यांच्यासाठी नाही.

आबा परत गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी तो मोडका साचा माझ्याकडून मागून घेतला. तीन दिवस काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यांनी प्लेट सपाट घासली, वाकलेला दांडा लाकडी हातोडीने सरळ केला आणि ओरखड्याच्या कडा तेवढ्या बोटाला लागणार नाहीत इतक्या मऊ केल्या. तिसरी कॅव्हिटी अजून लहान भरते, बाकी पाच ठीक आहेत. साडू हे वाचत असतील तर साचा माझ्या फडताळात, वरच्या खणात, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे. केव्हाही येऊन घेऊन जावा.