सगळ्यांना आवडलेलं पुस्तक चर्चेला कशाला?

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीत पुस्तकवाल्यांचा एक ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भेटतो, वयं पंचविशीपासून सत्तरीपर्यंत. आत्तापर्यंत जुनं गाजलेलं तेच वाचलं, सगळे छान छान म्हणतात आणि दहा मिनिटांत गाडी पार्किंगच्या भांडणावर येते. आता हल्लीची, वेगवेगळ्या तऱ्हेची मराठी पुस्तकं घ्यायचं ठरलंय, पण मतदान घेतलं की परत ओळखीचंच नाव पुढे येतं. निवडायची कशी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: सगळ्यात आधी ते मतदान बंद करा बघू. मतदानात कुणालाच न खटकणारं पुस्तक निवडून येतं, आणि जे कुणाला खटकतच नाही त्यावर तासभर बोलणार काय? त्यापेक्षा पाळी लावा, ज्याची पाळी त्याचं पुस्तक, बाकीच्यांनी नाक मुरडत का होईना वाचायचं. अट एकच, निवडणाऱ्याने स्वतः ते आधी वाचलेलं हवं आणि त्यातलं काय पटलं नाही हे त्याला सांगता आलं पाहिजे.

आता वेगवेगळं म्हणजे काय, तर एक प्रेमकथा, एक रहस्यकथा, एक ऐतिहासिक अशी वाण्याची यादी करू नका. गोष्ट कोण सांगतंय आणि कुठून सांगतंय हे बदलत ठेवा, विषय आपोआप बदलतात.

सुरुवात मी सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'ने करेन (२००६). छोटी आहे, त्यामुळे वाचून झालं नाही ही सबब चालत नाही. एकाच घरातले भाऊ आणि बहीण, दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच मुलाच्या प्रेमात, आधी भाऊ सांगतो मग बहीण, आणि तो मुलगा मात्र स्वतः काहीच सांगत नाही, त्याला नावसुद्धा नाही. कोणाचं खरं मानायचं यावरच मीटिंग निघून जाईल. ज्येष्ठ मंडळी बिचकतील असं वाटत असेल तर सोडा, माझा अनुभव असा की काका-काकूंसमोर बोलायला तरुण पोरंच जास्त लाजतात.

त्यानंतर कविता महाजनांची 'ब्र' (२००५). आदिवासी भागातल्या महिला सरपंच, त्यांना भेटत फिरणारी संस्थेतली बाई, आणि आरक्षणाने खुर्ची मिळाली तरी कारभार कोण करतं हा प्रश्न. तेव्हा पंचायतीत बायकांना ३३ टक्के जागा होत्या, आता राज्यात ५० आहेत, मग बदललं का काही? ग्रुपमधे कुणाचे नातेवाईक गावी निवडणूक लढवतात ते या दिवशी हमखास कळतं :)

मग शहर पूर्ण सोडा. नवनाथ गोरेंची 'फेसाटी' (२०१७, पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार) जत भागातल्या बोलीत आहे, आणि नाशिक-पुण्याकडचे लोक पहिल्या दहा पानांत अडखळतात, "समजत नाही हो" म्हणून ठेवून देतात. ठेवू देऊ नका. एखाद्या मीटिंगला दोन-तीन पानं मोठ्याने वाचा, सांगली सोलापूरकडचं कोणी असेल तर त्यांनाच वाचायला लावा, कान सरावला की पुढे अडत नाही. कृष्णात खोतांची 'रिंगाण' पण अशीच, धरणामुळे उठलेल्या माणसांची, २०२३ ची अकादमी मिळालेली. फक्त ही दोन लागोपाठ नको, ग्रुप दमतो.

मधे किरण गुरवांचा कथासंग्रह घ्या, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. कथांचा फायदा असा की ज्यांचं पुस्तक कधीच पूर्ण होत नाही (प्रत्येक ग्रुपात असतात) त्यांना एकच कथा नेमून देता येते. आणि कॉम्प्युटरवाली मंडळी असतील तर नंदा खरेंची 'उद्या', पाळत, कंपन्या, येऊ घातलेला काळ. मला मधेमधे जड गेली ती, पण तिच्यावर भांडण फार छान होतं. २०२० चा अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला होता, पुरस्कार नाकारावा का यावरही पंधरा मिनिटं जातील.

रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' कोणीतरी सुचवेलच. चांगलीच आहे, पण जाडजूड, महिन्यात होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून दोन मीटिंगांत वाटून घ्या.

आणि हो, नाव जाहीर करायच्या आधी प्रती मिळतात का बघा, मराठी पुस्तकाची आवृत्ती संपली की पुढची कधी येईल भरवसा नाही. तुमच्याकडे सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० पासूनचं, तिथे आधी विचारा. तीन-चार प्रती ग्रुपच्या वर्गणीतून घेतल्या तरी फिरवून पुरतात, फक्त दोन महिने आधी नाव ठरवावं लागेल.