स्क्वॉट करताना बार मानेवर टोचतो. तो पाठीवर नेमका कुठे ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की सेट झाल्यावर मानेमागे लाल वळ उठतो, दुसऱ्या दिवशीही ती जागा दुखते आणि जिममधल्या मित्राने फोमचं पॅड लावायला सांगितलंय. पॅड लावू नका. बार हाडावर बसतोय म्हणून टोचतोय, जागा बदलली की टोचणं थांबेल. पॅडमुळे बार पाठीपासून उचलला जातो, गोल फिरतो आणि तो कुठे बसलाय ते कळतच नाही.

मान खाली घाला आणि मागून बोट फिरवा. सगळ्यात जास्त बाहेर आलेलं जे हाड लागतं, तो बहुतेकांचा मानेचा सातवा मणका असतो. बार त्याच्यावर किंवा त्याच्या वरच्या बाजूला कधीच नको. त्याच्या लगेच खाली, ट्रॅप्सच्या (मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीवर पसरलेल्या स्नायूच्या) मांसल भागावर ठेवला की झाला हाय बार. त्याहून दोनेक इंच खाली, खांद्याच्या पात्यावर जी आडवी कड हाताला लागते तिच्या जरा खाली, मागच्या डेल्टॉइडवर (खांद्याच्या मागच्या स्नायूवर) टेकवला की लो बार. दोन्ही बरोबर आहेत. नवीन माणसाला मी हाय बारच सांगतो, कारण लो बारला खांदे बरेच मोकळे लागतात.

आता खरी गोष्ट. हात खाली सोडलेले असताना त्या जागी मांस पसरट असतं, हाड कातडीला लागूनच असतं. बारला बैठक आपण करून द्यायची असते. म्हणून आधी बारखाली घुसून मग हात लावू नका. बाहेर उभे राहून दोन्ही हातांनी बार पकडा, अंतर दोन्हीकडे सारखं आहे का बघा, मग खाली जाताना खांद्याची पाती एकमेकांकडे ओढा. ट्रॅप्स लगेच वर फुगून येतात. त्या फुगलेल्या भागात बार दाबून बसवा आणि मगच रॅकमधून (बार ठेवायच्या स्टँडवरून) उचला. सेट संपेपर्यंत पाती सैल सोडायची नाहीत.

मी नागपुरात मानेवाड्याच्या एका जिममध्ये संध्याकाळी नवीन पोरांना शिकवतो. एका इंजिनिअरिंगच्या मुलाची तक्रार अगदी तुमच्यासारखीच होती. बारच्या मधल्या भागाला खडू चोळला आणि त्याला काळा टी-शर्ट घालून सेट मारायला लावला. पांढरा पट्टा थेट कॉलरवर उमटला. पाती ओढून दुसरा सेट केला तर पट्टा तीन बोटं खाली. म्हणतो, “भाऊ, आता तर बार हलूनच नाही राहिला!” तुम्हीही हे करून बघा. मागून काढलेल्या फोटोत केस किंवा कॉलर आड येते, खडूचा पट्टा स्पष्ट दिसतो.

जागा बदलली की पाठीचा कोनही बदलतो, कारण बार पावलाच्या मध्याच्या वरच राहायला हवा. हाय बारमध्ये छाती जास्त उभी राहते, गुडघे पुढे जातात. लो बारमध्ये कंबर मागे जाते, धड पुढे झुकतं. बार पाठीवर खालच्या जागी ठेवून धड मात्र उभंच ठेवायचा हट्ट केला तर बार पाठीवरून घसरतो आणि तो हातांनी तोलून धरावा लागतो. मनगटं आणि कोपरं तिथेच दुखायला लागतात. हात फक्त बार जागेवर दाबून धरतात, वजन पाठीने घ्यायचं. कोपर दुखत असेल तर पकड थोडी रुंद करा.

रॅकचे हूक छातीच्या मध्याइतके ठेवा. बार काढताना टाचा उचलाव्या लागत असतील तर हूक फार वर आहेत. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की घामाने बार सरकतो, तेव्हा चकचकीत पॉलिस्टरऐवजी सुती टी-शर्ट घाला.

दोन आठवडे रिकाम्या बारवरच सराव करा. तो 20 किलोचाच आहे असं धरून चालू नका, काट्यावर ठेवून बघा. जागा सुधारल्यावरही हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखणं खांद्यातून खाली उतरत असेल, तर स्क्वॉट थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.