नस दबल्यावर पाठीच्या स्नायूत चरबी का साठते?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय 52 आहे. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून डाव्या बाजूची नस दबल्याचे एमआरआयमध्ये दिसले. औषधांनी पायातली कळ थांबली. परंतु पाठीच्या स्नायूंची झीज होऊन त्यांत चरबी साठल्याचेही अहवालात लिहिले आहे. ते मुळीच स्थूल नाहीत. मग ही चरबी आली कुठून, आणि आता काही करावे लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या चरबीचा स्थूलपणाशी थेट संबंध नसतो, सडपातळ माणसातही ती आढळते. मणक्यांना अगदी लागून मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो आणि वाकताना किंवा वजन उचलताना मणक्यांना जागच्या जागी धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मणक्यांमधून बाहेर पडताच नसेच्या दोन शाखा होतात; मोठी शाखा पायाकडे जाते, तर लहान शाखा मागे वळून या स्नायूला चालना देते. दाब या फाट्याच्या अलीकडे असेल, तर दोन्हींना झळ पोहोचते. पायातली कळ रुग्णाला लगेच कळते, स्नायूचे रोडावणे मात्र कळत नाही. चालना तुटलेले तंतू बारीक होतात आणि त्यांची जागा चरबी घेते. एमआरआयच्या आडव्या छेदात निरोगी स्नायू करडा दिसतो, चरबीच्या रेषा त्यात पांढऱ्या उमटतात.

आपल्या डॉक्टरांना डावी व उजवी बाजू शेजारी शेजारी दाखवायला जरूर सांगा. बदल दोन्हीकडे सारखाच असेल, तर सगळा दोष नसेला देता येणार नाही. वय आणि दीर्घकाळ हालचाल कमी असणे हीदेखील त्याची कारणे असतात.

कळ थांबली म्हणजे स्नायू भरून आला, असे मात्र कृपया समजू नका. प्रथमच कंबर दुखलेल्या रुग्णांमध्ये वेदना गेल्यावरही हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही, असे ऑस्ट्रेलियातील ज्युली हाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवून दिले. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करावा : हात व गुडघे टेकून, कंबर न डोलवता, श्वास न रोखता, एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सावकाश लांब करणे, हा त्यातला एक. मुरलेली चरबी पूर्णपणे जाईलच असे नाही, पण उरलेले तंतू बळकट होऊ शकतात, आणि ते मोलाचे आहे.

पाऊल उचलता येईनासे झाले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.