जुन्या गोव्याचं संग्रहालय बघायला जाताय?

पहिलं म्हणजे शुक्रवार टाळ. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं हे संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. मी पहिल्या वेळी नेमका शुक्रवारीच पोचलो होतो, कुलपाचा फोटो काढून परतलो!

चर्च बघून दमल्यावर शेवटी इथे यायचं, असं करू नकोस. सकाळी आधी हेच. सेंट फ्रान्सिसच्या जुन्या मठात ते आहे, से कॅथेड्रलला लागून. आत शिरलास की कामोंइश या पोर्तुगीज कवीचा प्रचंड ब्राँझ पुतळा दिसेल. पूर्वी तो बाहेर उघड्यावर उभा होता. सगळे त्याच्यासोबत सेल्फी काढतात आणि वीरगळांकडे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांकडे, पाठ फिरवतात. तू वीरगळांपाशी थांब. ते खालून वर वाचायचे: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. १५१० मध्ये गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्क आला त्याच्या कितीतरी आधीचा गोवा तिथे दगडात आहे.

व्हाइसरॉयांची, म्हणजे इथल्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांची, चित्रं रांगेने आहेत. सगळे चेहरे बघत बसलास तर कंटाळशील. चित्रांवर नंतर पुन्हा पुन्हा रंग चढवलेत, त्यामुळे चेहऱ्यापेक्षा कपडे बघ, चिलखतापासून झालरीच्या कोटापर्यंत फॅशन कशी बदलली ते.

नंतर सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या मनोऱ्याकडे चालत जा. चढ आहे, पाणी जवळ ठेव. रोगांच्या साथींनी हे शहर ओस पडलं आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली, हे तिथल्या जांभ्या दगडात उभं राहिल्यावर जास्त कळतं.