कर्नलचे अपडेट : बसवले, पण लागू झाले का?

लिनक्स कर्नलमधील, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम सांभाळणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातील, सुरक्षात्रुटी आणि त्यांवरील अपडेट यांविषयी वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : सुरक्षा अपडेट बसवून चार दिवस झाले. पॅकेजांच्या यादीत नवे कर्नल दिसते, पण चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘युनेम -आर’ ही आज्ञा जुनीच आवृत्ती दाखवते. अपडेट फसले का?

अपडेट फसलेले नाही, ते अर्धवट राहिले आहे. डेटाबेस किंवा वेब सर्व्हर अद्ययावत केल्यावर ती सेवा बंद करून पुन्हा सुरू केली की नवा कोड कामाला लागतो; कर्नल मात्र यंत्र सुरू होताना मेमरीत चढते आणि यंत्र बंद होईपर्यंत तेच चालत राहते. अपडेट काय करते, तर बूट विभागात नव्या कर्नलची फाइल ठेवते आणि बूटलोडरच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत तिची नोंद करते. रिबूट होईपर्यंत तुमची त्रुटी जशीच्या तशी शाबूत असते आणि पॅकेजांची यादी मात्र सारे ठीक असल्याचे सांगत राहते. माझ्या मते हीच स्थिती सर्वांत घातक, कारण अपडेटच न केलेल्या यंत्राचा मालक निदान सावध तरी असतो.

डेबियन हे लिनक्सचे वितरण वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे ‘युनेम -आर’ने दाखवलेला आकडा दोन सुरक्षा अपडेटांमध्ये न बदलताही राहू शकतो. पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि तारीख ‘युनेम -व्ही’च्या ओळीत ‘डेबियन’ या शब्दापुढे छापलेली असते. ताडून पाहायची ती तीच.

प्रश्न : आमच्या त्रुटी-स्कॅनरच्या मते सर्व्हरवरील ४.१८ हे कर्नल जुनाट आणि धोकादायक आहे. लिनक्सचा वितरक (उदा. रेड हॅट) मात्र सर्व दुरुस्त्या दिल्याचे सांगतो. खरे कोणाचे मानावे?

कर्नल वितरकाच्या चालू अपडेटमधील असेल आणि त्यावर यंत्र रिबूट झालेले असेल, तर बहुधा वितरकाचे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ चे कर्नल पहिल्या दिवसापासून ‘४.१८.०’ हाच आकडा मिरवते आणि पुढेही तोच मिरवणार, कारण नव्या कर्नलमधील दुरुस्ती उचलून जुन्या कोडमध्ये बसवण्याची, म्हणजे बॅकपोर्टिंगची, पद्धत तेथे आहे. बदल दिसतो तो आकड्याच्या शेपटीत, पॅकेजच्या पुढील क्रमांकात.

‘डर्टी पाइप’ (सीव्हीई-२०२२-०८४७; सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक) या त्रुटीचे उदाहरण पाहा. पाइपसाठी, म्हणजे एका प्रक्रियेकडून दुसरीकडे माहिती नेणाऱ्या मार्गासाठी, नवे बफर घेताना त्यातील ‘फ्लॅग्ज’ हे क्षेत्र कोरे केले जात नव्हते, त्यामुळे आधीच्या वापरातील खूण तशीच राहून जाई आणि केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतील प्रतीत) सामान्य वापरकर्त्यालाही लिहिता येई. मॅक्स केलरमन यांना ही त्रुटी सापडली ती लॉगच्या संकुचित फाइली वरचेवर बिघडत असल्याचा माग काढताना. दुरुस्ती होती अवघ्या दोन ओळींची : दोन ठिकाणी ते क्षेत्र शून्य करायचे. मूळ प्रकल्पाने ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या आवृत्त्यांतून दिली. एवढीशी दुरुस्ती आपल्या जुन्या कर्नलमध्ये बसवणे वितरकाला अवघड नसते, पण केवळ मूळ आवृत्तीचा आकडा पाहणाऱ्या स्कॅनरला ती दिसणार कशी? म्हणून पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदींत) सीव्हीई क्रमांक शोधावा आणि तो सापडला की स्कॅनरच्या अहवालावर तसा शेरा मारून मोकळे व्हावे.

प्रश्न : त्रुटी ‘स्थानिक’ असेल, म्हणजे आधी लॉगिन लागत असेल, तर ज्या सर्व्हरवर फक्त मीच लॉगिन करतो तेथे घाई कशाला?

कारण यंत्रावर कोड चालवायला दरवेळी लॉगिन लागत नाही. वेब ॲप्लिकेशनमधील एखाद्या फटीतून हल्लेखोर आत शिरला, तर त्याच्या हाती सुरुवातीला वेब सर्व्हरचे मर्यादित खाते लागते. तेथून रूटपर्यंत, म्हणजे सर्वाधिकारी खात्यापर्यंत, नेणारी पायरी म्हणजे ही ‘स्थानिक’ त्रुटी. २०१६ मध्ये उघड झालेली ‘डर्टी काऊ’ (सीव्हीई-२०१६-५१९५) अशीच होती आणि ती २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये दडून होती. कंटेनर (ॲप्लिकेशन इतरांपासून वेगळे ठेवून चालवणारे कप्पे) वापरत असाल तर घाई अधिकच हवी, कारण सगळे कंटेनर यजमान यंत्राच्या एकाच कर्नलवर चालतात. कंटेनरची प्रतिमा कितीही ताजी असली तरी कर्नलची त्रुटी तिने भरून निघत नाही.

प्रश्न : लाइव्ह पॅचिंग (चालत्या कर्नलवरच दुरुस्ती चढवणे) सुरू केले, तर रिबूटची कटकट कायमची सुटेल का?

लांबणीवर पडेल, सुटणार नाही. लाइव्ह पॅचिंगची मूळ यंत्रणा कर्नलमध्ये ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे. सदोष फंक्शनच्या तोंडाशीच अंमलबजावणी वळवून ती दुरुस्त फंक्शनकडे नेली जाते आणि एकेक प्रक्रिया सुरक्षित क्षणी जुन्या कोडवरून नव्यावर आणली जाते. ज्या दुरुस्तीत फंक्शनचे पोट बदलते, तिच्यासाठी ही युक्ती उत्तम. परंतु मेमरीत आधीच मांडून ठेवलेल्या माहितीची रचना बदलायची असेल तर अडचण होते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’वरील उपायात कर्नल आणि वापरकर्ता यांची पेज टेबलेच (मेमरीचे पत्ते जुळवणारे तक्तेच) वेगळी केली गेली, असा बदल चालत्या यंत्रावर चढवणे व्यवहार्य नसते. शिवाय लाइव्ह पॅच लागला तरी ‘युनेम’चा आकडा बदलत नाही, लागू पॅच पाहायचे तर ‘/सिस/कर्नल/लाइव्हपॅच’ ही निर्देशिका उघडावी. ठरलेल्या देखभालीच्या वेळेपर्यंत निभावून नेण्याचे साधन म्हणून ही सोय जरूर घ्यावी. वर्षभर रिबूट न केल्याचा अभिमान मात्र बाळगू नये.

प्रश्न : अपडेटने यंत्र बिघडेल, या भीतीने आम्ही दोन-तीन महिने थांबतो. हे चूक आहे का?

भीती रास्त आहे, मुदत चुकीची आहे. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून त्रुटी कोठे होती हे कोणालाही ताडता येते. म्हणजे दुरुस्तीच हल्लेखोराला पत्ता सांगते. विंडोजच्या कर्नलमधील फाइल-शेअरिंग ड्रायव्हरच्या त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी अपडेट दिले होते. त्याच त्रुटीतून शिरणारा ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम पसरला १२ मे रोजी, आणि त्याने गाठले ते बहुतांशी हे अपडेट न घेतलेल्या यंत्रांना. तुमची मुदत यात हिशेबाला धरून पाहा. त्यापेक्षा एका चाचणीच्या यंत्रावर आधी अपडेट घ्यावे, बाहेरून आणलेली मॉड्यूल्स (कर्नलला जोडले जाणारे भाग) नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधली गेली का हे तपासावे आणि काही दिवसांत उरलेली यंत्रे उरकावीत. बिघडलेच, तर बूटलोडरच्या यादीतून मागचे कर्नल निवडता येते. ही सोय लिनक्समध्ये आयतीच आहे.

प्रश्न : ‘/बूट’ विभाग भरल्यामुळे नवे कर्नल बसतच नाही. काय करावे?

चालू कर्नल आणि त्याच्या आधीचे एक ठेवून बाकीची पॅकेज व्यवस्थापकाकरवीच काढावीत. हाताने फाइली पुसू नयेत. बसवणे मधेच थांबले असेल, तर ‘डीपीकेजी’ हा पॅकेज व्यवस्थापक वापरणाऱ्या (डेबियनसारख्या) प्रणालींवर जागा झाल्यावर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवावे. नव्या कर्नलसोबतची ‘इनिटरॅमएफएस’ (यंत्र सुरू होताना लागणारी तात्पुरती फाइल प्रणाली) ही फाइल पूर्ण तयार झाल्याचे पाहिल्याशिवाय रिबूट करू नये.