इतिहासात दुर्लक्षित राहिलेली कोणती महिला डॉक्टर तुम्हाला खरी हिरो वाटते?

माझं उत्तर एकच, डॉ. रखमाबाई राऊत. आनंदीबाई जोशी सगळ्यांना माहीत आहेत आणि असायलाच पाहिजेत, पण १८८६ ला डिग्री मिळाली अन् पुढच्याच वर्षी त्या गेल्या, प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही. रखमाबाईंनी मात्र सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांचे उपचार केले.

आम्ही नंदुरबारकडचे, सुरत म्हणजे आमच्यासाठी ताप्ती रेल्वे लाईनवरचं रोजचं गाव, निम्म्या घरांचे पाहुणे तिथल्या उधना नाहीतर लिंबायत भागात राहतात, तरी तिथे एक मराठी बाई १८९५ च्या सुमारास डॉक्टर म्हणून काम करत होती हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं, शाळेत कोणी सांगितलंच नाही याचं खरंच वाईट वाटतं.

अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. १८८७ ला कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने जेल, तर ह्यांनी सांगितलं जेल चालेल!! नंतर लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. केसबद्दल तरी थोडंफार लिहिलं जातं हो, पण त्यानंतरची दवाखान्यातली एवढी वर्षं कोणी बघतच नाही, मला तर तेच काम सगळ्यात मोठं वाटतं.